मशीद बंदर की गिरणगाव? मुंबईतल्या दोन पायी फेऱ्या

बाहेरून आलेल्या माणसांनी वसवलेली मुंबई पायी पाहायची असेल आणि हाताशी एकच सकाळ असेल, तर निवड बहुधा दोन वाटांमध्ये करावी लागते. पहिली वाट मशीद बंदर स्थानकातून निघून मांडवी आणि डोंगरीवरून भेंडी बाजारात पोहोचते. दुसरी चिंचपोकळीहून लालबाग-परळ करत ना. म. जोशी मार्गाकडे वळते. चाल दोन्हीकडे साधारण तीनेक किलोमीटरची आहे. खरा फरक मालकीचा आहे. बंदराजवळ आलेल्या समाजांनी, ते सगळेच सावकार नसले तरी, स्वतःच्या वास्तू उभ्या केल्या. गिरणगावात वळकटी घेऊन आलेला कामगार मात्र ज्या इमारतींत राबला आणि झोपला, त्यांतली क्वचितच एखादी त्याची होती.

म्हणूनच पहिली वाट डोळ्यांना अधिक देते. मांडवीतले शार हारहमीम हे १७९६ मध्ये स्थापन झालेले मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे आणि त्याचे संस्थापक, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर, हे आडनावासह कोकणातले होते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे बेने इस्रायली ज्यू म्हणजे आपले 'शनवार तेली'. प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणत आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. पुढे कच्छी व्यापाऱ्यांच्या वस्तीत १८७६ चे केशवजी नाईक कारंजे लागते, तर इमामवाड्याजवळ इराणी व्यापारी हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी १८६० मध्ये बांधलेली, घुमट नसलेली आणि निळ्या फरशांनी मढलेली मुघल मशीद दिसते. भेंडी बाजारातील बोहरा समाजाच्या रौदत ताहेरा या समाधीस्थळाच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेले आहे. तिथल्या जुन्या चाळी मात्र पाडून मनोरे उभे राहत आहेत, त्यामुळे ही वाट पुढे ढकलण्यात तोटाच आहे.

दिवस जपून निवडावा. शुक्रवारी दुपारी मशिदीत नमाजाची गर्दी असते, शनिवारी सिनेगॉगमध्ये शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो आणि रविवारी घाऊक बाजार बंद असल्याने चालणे सोपे होते खरे, पण हातगाड्या आणि हमाल यांच्याविना मांडवी अर्धीच दिसते. सिनेगॉगसाठी आधी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कामाच्या दिवशी या गल्ल्यांत जाऊ नये.

गिरणगावात पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे जास्त आहे. रत्नागिरी, सातारा अशा जिल्ह्यांतून आलेले पुरुष एकेका गावाच्या मंडळाच्या खोलीत दाटीवाटीने राहत, गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर हे जग विस्कटले. आज फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे, बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. गिरणीत राबलेल्या घरातले, किमान तिथे वाढलेले, कोणी सोबत नसेल तर उंच इमारतींच्या मधून दिसणारी गिरणीची एखादी धुराची चिमणी यापलीकडे फार काही हाती लागत नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटल्या जात असतात, तेव्हा ठसका सोसून जरूर जावे. गणेशोत्सवात तिथे गर्दीच्या रेट्याने चालावे लागते, म्हणून ते दिवस टाळावेत.

एकट्याने किंवा पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्याने पहिली वाट धरावी, असे माझे मत आहे. ज्याच्या ओळखीत गिरणीच्या आठवणी असलेले कोणी आहे, त्याने मात्र विचार न करता लालबाग गाठावे, कारण मुघल मशीद आणखी दहा वर्षांनीही जागेवर असेल, तो माणूस असेलच असे नाही. दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी उरकू नयेत. पहिली संपवून पाय शिल्लक असतील, तर डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ नवाब टँक रोडवर चिनी लोकांचे १९१९ सालचे छोटेसे देऊळ आहे. ते बांधणारा समाज माझगावातून जवळजवळ ओसरला आहे.