झाकण उघडलं की काळा पडदा : आठ महिने वापरल्यानंतर

गुढीपाडव्याला घेतलेला हा लॅपटॉप आता आठ महिन्यांचा झाला. मी साताऱ्यात घरूनच अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे दिवसाचे नऊ-दहा तास तो माझ्यापुढे असतो. 14 इंची पडदा, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, विंडोज 11, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सशिवाय एक वेगळी ग्राफिक्स चिप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो त्रास सांगणार आहे तोच मी ओळखीतल्या दोघांच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही पाहिला आणि मला जे सापडलं ते त्यांनाही उपयोगी पडलं.

आधी चांगलं सांगते. कीबोर्ड उत्तम आहे, दिवसभर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत टाइप करूनही बोटं अवघडत नाहीत. पडदा चकाकत नाही, खिडकीसमोर बसलं तरी जोडाक्षरं आणि अनुस्वार स्पष्ट दिसतात. दुपारी लाइट गेली तरी चार-पाच तास काम थांबत नाही.

तक्रार एकच, पण मोठी. झोपवलेला (स्लीपमध्ये ठेवलेला) लॅपटॉप उठत नाही.

पहिल्यांदा हे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. जेवायला उठताना झाकण मिटलं होतं. जेवून आले तर पावसाची झड खिडकीतून थेट टेबलावर येत होती, म्हणून बाहेरच्या मॉनिटरची वायर काढली आणि लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन उघडला. पॉवरच्या बटणातला दिवा लागला, कीबोर्डखालचा उजेड आला, पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. पडदा मात्र काळाच. बटणं दाबली, टचपॅडवर बोट फिरवलं, झाकण मिटून पुन्हा उघडलं, काही नाही. शेवटी पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि बंद करून पुन्हा चालू केला. एका स्मरणिकेच्या चार पानांच्या दुरुस्त्या गेल्या. सॉफ्टवेअरनं रिकव्हरी फाइल उघडून दिली, पण मुद्रितावरच्या शेवटच्या खुणा तिच्यात नव्हत्या. चार पानं परत केली. त्यानंतर हे आठवड्यातून एकदा, कधी दोनदा होऊ लागलं.

ऑगस्टमध्ये, दिवाळी अंकांचं काम ऐन भरात असताना, सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. तिथल्या मुलानं माझ्यासमोर चार वेळा झाकण मिटून उघडलं. चारही वेळा लॅपटॉप नीट उठला. "मॅडम, आमच्याकडे तर प्रॉब्लेम येत नाहीये," म्हणाला आणि फॉरमॅट मारून दिला. फॉण्ट, सेटिंग, सगळं पुन्हा बसवण्यात दीड दिवस गेला. पाचव्या दिवशी पुन्हा काळा पडदा. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं की मदरबोर्ड बदलावा लागेल, वॉरंटीत बसेल, पण लॅपटॉप तीन आठवडे ठेवून घ्यावा लागेल. दिवाळी अंकाच्या हंगामात तीन आठवडे! मी तो तसाच परत आणला. दोन्ही वेळा लॅपटॉपमधली नोंद उघडून पाहावी असं तिथे कुणालाच वाटलं नाही, याचा मला आजही राग आहे.

खरी दिशा मिळाली ती योगायोगानं. त्याच आठवड्यात एका रात्री पडदा काळा झाला. मी बटण दाबून धरणार, एवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. छापखान्याच्या काकांचा, फर्म्याविषयी म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गठ्ठ्याविषयी मेसेज होता : "ताई, तिसरा फर्मा उद्या सकाळी प्लेटला जाईल ना?" आणि मोबाइलबरोबरच लॅपटॉपमधूनही व्हॉट्सअॅपचा तोच आवाज आला. काळ्या पडद्याच्या, मेलाय असं समजून मी ज्याला सक्तीनं बंद करत होते त्या लॅपटॉपमधून.

म्हणजे तो जागा होता. नुसता जागा नव्हता, इंटरनेटलाही जोडलेला होता. फक्त त्याचा पडदा लागत नव्हता.

बटणावरचं बोट मी काढून घेतलं. स्पेस दाबला, न बघता पिन टाकला, पाच-सहा सेकंद थांबले आणि कंट्रोल-एस दाबलं. मग विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र, त्यानंतर यू, त्यानंतर आर. या क्रमानं लॅपटॉप रीतसर रिस्टार्ट होतो. तो झाला, आणि फाइल उघडली तर तिसऱ्या फर्म्याचं शेवटचं पान जसं ठेवलं होतं तसंच होतं. इतके दिवस मी दर वेळी चालत्या लॅपटॉपचा गळा दाबत होते, हे तेव्हा कळलं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच सांगते, उठत नाही असं म्हणण्याआधी नेमकं काय होतंय ते ओळखा. लॅपटॉप जागा असून पडदा अंधारात असू शकतो, तो उठता उठता मध्येच अडकलेला असू शकतो, किंवा बॅटरी संपून खरंच बंद पडलेला असू शकतो. दिसायला तिन्ही सारखेच, उपाय मात्र निराळे. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का बघा. लागत असेल तर बहुतेक वेळा लॅपटॉप जिवंत आहे. खोलीतली लाइट घालवून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. पुसट चित्र दिसलं तर पडद्यामागचा दिवा गेलाय आणि ते काम दुकानातलंच. माझ्याकडे कॅप्स लॉकचा दिवा लागत होता आणि टॉर्चमध्ये काहीच दिसत नव्हतं. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, नव्यानं सुरू होतो, एक बारीक बीप येतो, आणि नशिबानं चित्र परत येतं. मला निम्म्या वेळा तरी आलं.

त्यानंतर मी वही घातली. तारीख, किती वेळ झोपला होता, चार्जर होता का, बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता का. पाच आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी नऊ वेळा एकच गोष्ट : झाकण मिटताना मॉनिटरची वायर लावलेली आणि उघडताना काढलेली. जूनमधल्या त्या पावसाच्या दुपारीही तेच झालं होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये त्रास का दिसला नाही याचंही उत्तर त्यात होतं, कारण तिथे मॉनिटर जोडून कुणी पाहिलंच नव्हतं.

वहीला लॅपटॉपच्या स्वतःच्या नोंदीची जोड दिली. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचं साधन असतं. त्यात विंडोज लॉग्जखाली सिस्टम उघडायचं. कर्नल-पॉवर या नावाखाली 506 क्रमांकाची नोंद म्हणजे लॅपटॉप झोपायला गेला, 507 म्हणजे झोपेतून बाहेर आला. 41 म्हणजे रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. बटण दाबून धरलं की ही 41 नंबरची नोंद पडते, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोज कोसळल्याचा कोड) शून्य पण पॉवर बटणाच्या वेळेचा आकडा भरलेला दिसला, तर बटण आपणच दाबलं होतं असं समजायचं. माझ्या त्या नऊ प्रसंगांत झाकण उघडल्याच्या मिनिटालाच 507 होती. लॅपटॉप वेळेवर उठला होता. उरलेल्या दोन प्रसंगांत 507 नव्हतीच. म्हणजे एका लॅपटॉपमध्ये दोन वेगळे दोष होते, आणि मी त्यांना एकच समजत होते.

इथे झोपेविषयी थोडं सांगावं लागेल, कारण माझा जुना, दहा वर्षं वापरलेला लॅपटॉप असा कधीच अडला नाही. त्याची झोप एस3 प्रकारची होती. त्यात रॅमला लागणारी वीज तेवढी चालू राहते, बाकी जवळजवळ सगळं बंद. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोयच नसते. त्याऐवजी मॉडर्न स्टँडबाय असतो, म्हणजे एस0 ची कमी विजेवरची अवस्था. मोबाइलचा पडदा बंद असतो पण मेसेज येत राहतात, तसंच हे. त्यामुळे उठतो चटकन, पण प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरनं वेळेवर झोपायचं आणि वेळेवर उठायचं असतं. एकानं जरी हट्ट धरला तरी सगळं बिनसतं. तुमच्याकडे कोणती झोप आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये कळतं. पॉवरसीएफजी टाइप करायचं, एक जागा सोडायची, मग स्लॅश आणि ए (powercfg /a). माझ्याकडे उत्तर आलं की एस3 ला फर्मवेअरचा (चिपमध्येच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा) आधार नाही. तिथे आधार नसेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यात, खटपटी करून एस3 आणायच्या नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नऊ प्रसंगांचा दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा निघाला. फॉरमॅटनंतर विंडोज अपडेटनं तोच ड्रायव्हर पुन्हा बसवला होता, म्हणूनच पाचव्या दिवशी तोच त्रास परत आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधीच्या ड्रायव्हरवर परत जाण्याचं रोल बॅकचं बटण असतं, पण फॉरमॅटमुळे जुना ड्रायव्हरच उरला नव्हता आणि ते बटण फिकं पडलेलं. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, तळाशी छापलेला मॉडेल नंबर टाकून, दोन्ही ग्राफिक्स चिपचे ड्रायव्हर उतरवून घेतले. वायफाय बंद केलं, जुने ड्रायव्हर त्यांच्या फाइलींसकट काढले, रिस्टार्ट केलं आणि नवे बसवले. वायफाय बंद ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर मधल्या दोन मिनिटांत विंडोज आपल्याच मनानं पुन्हा आधीचा आणून बसवतं. आणि इथे रिस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात रिस्टार्टनं होते. "बंद करून चालू करा" हा सल्ला दर वेळी लागू पडत नाही तो यामुळेच.

उरलेले दोन प्रसंग रात्रभराच्या झोपेनंतरचे होते. त्यावर बायॉसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट लागू पडला. त्याच्या सुधारणांच्या यादीत झोपेतून उठण्याच्या अडचणीचा स्पष्ट उल्लेख होता. पण बायॉसला हात लावण्याआधी एक काम कराच. बिटलॉकर (डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि बिटलॉकर तेवढ्यापुरता सस्पेंड करा. बायॉस बदलला की लॅपटॉप ती की मागू शकतो, आणि ती नसली तर स्वतःच्याच फाइली स्वतःला उघडता येत नाहीत. अनेक लॅपटॉपवर हे कुलूप आपण न लावताच लागलेलं असतं. माझी की मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली, आकडे दोनदा ताडून पाहिले, मगच पुढे गेले. चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, आणि अपडेट पुरा होईपर्यंत कशालाच हात लावला नाही.

या शोधात दोन गोष्टी अवांतर सापडल्या. एकदा ऐन कामात पडदा पटकन गेला आणि लॅपटॉप झोपला. माझ्या मोबाइलच्या पाकिटासारख्या कव्हरला चुंबक आहे आणि मोबाइल कीबोर्डच्या डाव्या कडेला टेकलेला होता. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं. मोबाइल उचलला, पडदा आला. दुसरी गोष्ट, पुण्याला जाताना बॅगेतला लॅपटॉप गरम झाला आणि उतरल्यावर सुरूच होईना. बॅटरी संपली होती. पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी (powercfg /sleepstudy) हा अहवाल काढला, तेव्हा त्या प्रवासातला झोपेचा काळ लाल पट्टीनं दाखवला होता, म्हणजे झोपेतही वीज भरपूर खर्च झाली होती. आता प्रवासाला निघताना आणि रात्री मी हायबरनेट करते, म्हणजे रॅममधलं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद होतो. उठायला पंधरा-वीस सेकंद लागतात, डिस्कवर रॅमच्या साधारण 40 टक्के जागा जाते, पण वीज जवळजवळ लागत नाही.

घ्यावा का असं विचारलंत तर कीबोर्ड आणि पडद्यासाठी मी हाच लॅपटॉप पुन्हा घेईन, मात्र पहिल्या आठवड्यातच मॉनिटर लावून, काढून, रात्रभर झोपवून पाहीन. बदलून मागायची मुदत बहुधा थोडेच दिवस असते. जे माझ्यासारखे एकट्यानं, घरून, तारखांवर काम करतात त्यांच्यासाठी झाकण उघडल्यावर पान समोर दिसणं ही चैनीची गोष्ट नाही.

तीनही दिवाळी अंक वेळेवर छापून गेले. ऑक्टोबरमध्ये वहीत एकही नोंद नाही. शेवटची नोंद 9 नोव्हेंबरची आहे : रात्री 8.40, मॉनिटरची वायर काढलेली, पडदा काळा, चार बटणं दाबली, दोन सेकंदांत चित्र आलं. त्या दिवसाची 506 आणि 507 ची नोंद मी फाइल करून ठेवली आहे. वॉरंटी गुढीपाडव्यापर्यंत आहे, आणि आता सर्व्हिस सेंटरला गेले तर ती फाइल आणि वही दोन्ही सोबत असतील.