कन्सोल भावाचा, काळजी माझी: सर्ज प्रोटेक्टरचे आठ महिने

पीएस५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा कन्सोल, माझा नाही, धाकट्या भावाचा. नोकरी लागून तो बंगळुरूला गेला, तिथल्या खोलीत ना टीव्ही ना जागा, म्हणून कन्सोल इथे देवरूखच्या घरीच राहिला. जाताना एवढंच म्हणाला, "ताई, खेळ हवं तेवढं, फक्त जाळू नकोस." गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडल्या आणि आमच्या राउटरचा अडॅप्टर गेला. तीनशे रुपयांत निभावलं. पण त्याच बोर्डावर बाजूच्या सॉकेटात पन्नास हजारांची वस्तू होती. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळी मी चौदाशे रुपयांचा सर्ज प्रोटेक्टर मागवला, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक धक्क्यापासून वाचवणारा एक्स्टेंशन बोर्ड. आता जूनचा पहिला आठवडा चालू आहे. मधल्या काळात बरंच घडलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

भावाचा पहिला आक्षेप: "कन्सोल कायम सरळ भिंतीत लावायचा असतो, एक्स्टेंशनवर नाही." हे त्याच्या मनचं नाही. एक्सबॉक्स वन या आपल्या कन्सोलच्या वेळी मायक्रोसॉफ्टनेच तसं सांगितलं होतं. त्याच्या पॉवर ब्रिकमध्येच, म्हणजे वायरीतल्या अडॅप्टरच्या ठोकळ्यातच, सर्जपासून संरक्षण आहे, वर आणखी एक जोडलात तर पुरेशी पॉवर मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचा पीएस५ असला तरी भावाने तोच नियम लावला. मी आमच्या वायरमनकाकांना मल्टिमीटर घेऊन बोलावलं. भिंतीच्या सॉकेटात २२८ व्होल्ट, प्रोटेक्टरच्या सॉकेटात गेम चालू असताना २२७. संपला विषय. संरक्षण देणारा भाग वाटेत आडवा बसलेला नसतो, तो तारांना समांतर जोडलेला असतो. एरवी तो नुसता बसून राहतो. पॉवर कमी पडते ती बारीक वायरीच्या स्वस्त बोर्डावर, किंवा एकाच बोर्डावर टीव्हीबरोबर इस्त्रीही लावली तर. पीएस५ गेम चालू असताना साधारण दोनशे वॉट खातो. टीव्ही आणि साउंडबार धरला तरी बेरीज दोन अँपिअरच्या आतच. सहा अँपिअरच्या बोर्डाला त्याचं काही वाटत नाही.

आता आत काय असतं ते. घरात जुना एक 'स्पाइक गार्ड' होता, लाल दिव्याचा, बाजारातून दोनशे रुपयांना आणलेला. उत्सुकतेपोटी खोलून बघितला. आत दोन पट्ट्या, एक फ्यूज आणि तो लाल दिवा. बस! गार्ड कुठे होता देव जाणे. खऱ्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या असतात, त्यांना एमओव्ही म्हणतात, झिंक ऑक्साइडच्या. नेहमीच्या व्होल्टेजला त्या वीज अडवून धरतात. व्होल्टेज एकदम चढलं की क्षणात वाट मोकळी करून तो लोंढा आपल्या अंगावर घेतात आणि बाजूला वळवतात. असा प्रत्येक फटका त्यांना थोडा थोडा झिजवतो. खोक्यावरचा जूलचा आकडा म्हणजे त्यांनी किती मार सोसायचा त्याचा अंदाज. माझ्याकडच्या बोर्डावर सहाशेच्या आसपास आहे.

वायरमनकाकांनी मल्टिमीटर ठेवता ठेवता तिसऱ्या भोकात पिन घातली आणि हसले. फेज ते न्यूट्रल २२८, पण फेज ते अर्थ नव्वदच्या आसपास, तोही आकडा हलता. "बाय, तुमच्याकडं अर्थिंगची वायर हाय, अर्थिंग नाय." आमचं घर जांभ्याचं, खालची जमीनही जांभ्याचीच. आजोबांच्या वेळी पुरलेली प्लेट असेलही कुठेतरी, पण कोरडा जांभा वीज काय घेणार? पावसाळ्यात थोडं तरी काम होत असेल, मार्च-एप्रिलमध्ये शून्य. प्रोटेक्टरमधली एक चकती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असते, ती अर्थिंगवाचून चालते. बाकीच्या दोघी मात्र लोंढा जमिनीत सोडायच्या, आणि जमीनच जोडलेली नाही. म्हणजे चौदाशेतले निम्म्याहून जास्त पैसे पाण्यात.

गंमत म्हणजे कन्सोलला स्वतःला अर्थिंग लागतच नाही. त्याच्या मागे घुसणारं वायरीचं टोक दोन पिनांचं, इंग्रजी आठसारखं. म्हणून बरेच जण 'अर्थिंगची गरजच काय' म्हणून मोकळे होतात. गरज कन्सोलला नाही, प्रोटेक्टरला आहे.

मग न्हाणीघराच्या मागे, जिथे सांडपाण्याने बाराही महिने ओल असते, तिथे नवा खड्डा काढला. दोन गडी, दीड दिवस, जांभा फोडताना एक पहार वाकली. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थर देऊन भरलं. आई म्हणाली, "लोणचं घालताय की काय?" सगळा खर्च साडेचार हजार. म्हणजे चौदाशेच्या वस्तूसाठी साडेचार हजारांचा खड्डा! पण नंतर फेज ते अर्थ २२७, न्यूट्रल ते अर्थ २. फ्रिजला हात लावला की ज्या मुंग्या यायच्या त्याही गेल्या, इतकी वर्षं आम्ही त्या 'पाय ओले असतील' म्हणून सोडून देत होतो.

वस्तू म्हणून बोर्ड ठीक आहे. वायर जाड, दोन मीटर, टीव्हीच्या मागून पुरते. सॉकेटं मात्र इतकी जवळ आहेत की राउटरचा जाडा अडॅप्टर लावला की शेजारचं भोक झाकतं, म्हणजे चारातली तीनच धरा. चारांना मिळून एकच बटण. रात्री सवयीने कोणी ते बंद केलं की कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, असताना त्याचा गळा आवळला जातो, आणि सकाळी तो 'नीट बंद केला नव्हता' म्हणून तक्रार करतो. आईने हे चार वेळा केलं. आता बटणावर चिकटपट्टी आहे.

लाइट जाण्याशी प्रोटेक्टरचा काही संबंध नाही, हेही सांगून टाकते. तो बॅटरी नाही. वीज गेली की खेळ संपला.

नोव्हेंबर ते एप्रिल काहीच झालं नाही. अशा वस्तूचा हाच वैताग. काही झालं नाही ते तिच्यामुळे की नुसतंच झालं नाही, कळायला मार्ग नाही.

मग मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने गाठलं. दुपारी चारला ढग भरून आले, मी शाळेत. आईने टीव्ही बंद केला, पण पिना काढल्या नाहीत. मागच्या परड्यातल्या माडावर वीज पडली. माडाचा शेंडा जळाला, घरातले दोन बल्ब आणि देवघरातली इलेक्ट्रिकची माळ गेली. संध्याकाळी थरथरत्या हाताने कन्सोल चालू केला, तर चालू झाला. टीव्हीही चालू. फक्त टीव्हीचं पहिलं एचडीएमआय पोर्ट मेलेलं आणि त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्सही मेलेला.

हे कोडं मला दोन दिवस सुटेना, कारण सेट-टॉप बॉक्सची पिनही त्याच प्रोटेक्टरवर होती. काकांनी वर बोट दाखवलं. छपरावर डिशची छत्री, तिथून येणारी केबल थेट बॉक्समध्ये. बॉक्स मारणारी वीज भिंतीतून आलीच नव्हती, छपरावरून उतरली, बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने टीव्हीत शिरली आणि तिथे थांबली. कन्सोल दुसऱ्या पोर्टवर होता म्हणून वाचला, की तोवर जोर संपला होता म्हणून, कोण सांगणार? दारावर पहारेकरी बसवला आणि चोर कौलं काढून आला.

आणखी दोन दिवसांनी, टीव्ही दुरुस्तीवाल्यासाठी स्टँड पुढे ओढताना, मला बोर्ड दिसला. त्यावर 'संरक्षण चालू' दाखवणारा हिरवा दिवा असतो. तो विझलेला. कन्सोल मात्र त्याच बोर्डावर मजेत चालू. म्हणजे आतल्या चकत्या त्या दिवशी कामी आल्या होत्या आणि त्यानंतरचे चार दिवस, रोज संध्याकाळी गडगडत असताना, आमचा प्रोटेक्टर साधा एक्स्टेंशन बोर्ड होता. टीव्हीच्या मागे, धुळीत, कोणाला दिसणार? दिवा विझला की वीजही बंद करणारे बोर्ड मिळतात. पुन्हा घ्यायचा झाला तर मी तसाच घेईन. कंपनीने बिल आणि फोटो मागितले, तीन वेळा फोन केला, अठराव्या दिवशी बदलून मिळाला. जळलेल्या टीव्हीच्या पोर्टाबद्दल विचारलं तर त्यांनी फोनवर संगीत लावलं.

डिश दाखवली त्याच फेरीत काकांनी दुसरी एक भीती घातली, आणि मला ती विजेपेक्षा मोठी वाटते. आमच्या वाडीची लाइन झाडांतून येते. फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर तीन फेजचा तोल जातो. कोणाकडे दिवे मिणमिणतात, कोणाकडे व्होल्टेज तीनशे, साडेतीनशे, पार चारशेच्या आसपासही चढतं. मिनिटंच्या मिनिटं. सर्ज प्रोटेक्टर बनलेला असतो मायक्रोसेकंदांच्या धक्क्यासाठी. तीनशेला तो ढिम्म राहतो, त्याहून वर चढलं तर चकत्या तापून जळतात. पीएस५ ची वरची मर्यादा २४० व्होल्ट. वरच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, तीन घरांतले टीव्ही आणि एक फ्रिज गेला.

त्यावर उपाय वेगळा: मीटरशेजारी एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) डबीत बसणारा व्होल्टेज प्रोटेक्टर. आमचा २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की घराची वीज तोडतो आणि सुरळीत झालं की थोडं थांबून जोडतो. बसवून अठराशे. संध्याकाळी साडेसातला व्होल्टेज पडलं की पहिल्या आठवड्यात दोनदा अंधार झाला. आईच्या मालिकेच्या ऐन वेळी. खालची मर्यादा १६० वर आणल्यापासून घरात शांतता आहे.

भावाने हिशेब विचारला. चौदाशे, साडेचार हजार, अठराशे. तो म्हणाला, "ताई, एवढ्यात एक गेम..." मी फोन ठेवला. पुण्यामुंबईत नव्या इमारतीत, चांगल्या अर्थिंगवर राहत असाल तर नुसता प्रोटेक्टर पुरेल, तोही दिवा बघत राहिलात तर. आमच्यासारख्या ठिकाणी आधी खड्डा, मग डबीतला प्रोटेक्टर, आणि हा बोर्ड शेवटी. आणि ढग वाजले की पिना काढायच्याच, डिशची केबलही.

नवा बोर्ड मी टीव्हीच्या मागे ठेवला नाही. देवघराच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर स्क्रूने ठोकलाय. दिवेलागणीला आई समई लावते, आणि वळताना त्या हिरव्या दिव्याकडेही एकदा बघून घेते.