सॉयरचा बादली-फिल्टर: मलावीला परतणाऱ्या मिशनरी जोडप्याने नवा घ्यावा का?

मायदेशातली रजा संपवून सेवाक्षेत्रावर परतणारं जोडपं सामानाची यादी करतं, तेव्हा पाण्याचा फिल्टर हमखास ‘तिकडे आहेच’ या खात्यात जातो. मलावीतल्या खेड्यात मिशनच्या घरी सॉयर कंपनीचा ‘पॉइंटवन’ बादलीला लावलेला असतोही. पण वर्षभर कोरडा पडलेला फिल्टर गेल्या गेल्या पाणी देईल, या भरवशावर विमानात बसू नये.

वस्तू साधी आहे. मुठीत मावणाऱ्या नळीत पोकळ तंतूंचा जुडगा, त्याची छिद्रं ०.१ मायक्रॉनची. कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यातून पलीकडे जात नाहीत. मलावीने २०२२-२३ मध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ सोसली आहे, तेव्हा हा गुण थोडाथोडका नव्हे. वीज लागत नाही, काडतूस बदलावं लागत नाही. दोन माणसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आरामात निघतं.

जोडणी अर्ध्या तासाची. वीस लिटरच्या झाकणाच्या बादलीला तळापासून दीड इंचावर, सोबतच्या कटरने हाताने फिरवून भोक पाडायचं. त्याहून खाली पाडलं तर तळाचा गाळ थेट फिल्टरमध्ये जातो. रबरी वॉशर नीट बसवून जोड हातानेच आवळायचा. पाना लावला की प्लास्टिकची आटी जाते. मग नळी आणि पुढे फिल्टर. फिल्टर बादलीच्या तळाखाली लोंबकळला पाहिजे, कारण पाण्याला ढकलणारा जोर फक्त उंचीचा आहे. पाणी नको असेल तेव्हा तो पाण्याच्या पातळीच्या वर हुकाला अडकवायचा. धार येत नसेल तर आधी नळीत हवा अडकली आहे का ते पाहा.

फिल्टर मरतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पहिलं, बॅकवॉशचा कंटाळा. सोबतच्या सिरिंजमध्ये स्वच्छ, गाळलेलं पाणी भरून ते बाहेर पडण्याच्या तोंडाकडून जोराने उलटं ढकलायचं. हळूहळू ढकललं तर पाणी मोकळ्या तंतूंमधून वाट काढतं आणि तुंबलेले तसेच राहतात. नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात पाणी गढूळ असतं. तेव्हा हे रोज करावं. पाणी आधी निवळू द्यावं, फडक्यातून गाळावं. तुरटी चालते. मलावीत शेवग्याच्या बियांची पूड टाकून पाणी निवळण्याचे प्रयोगही झाले आहेत. मात्र ते पाणी साठवून ठेवू नये, त्यात उरलेल्या सेंद्रिय अंशाने ते लवकर खराब होतं.

दुसरं, बॅकवॉश न देता कोरडं पडणं. आत क्षार धरतात आणि छिद्रं बुजतात. अशा फिल्टरला अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून मग पाच-सहा वेळा जोरात बॅकवॉश द्यावा. बरेच परत चालू होतात. रजेवर निघतानाच काळजी घेतली तर ही वेळ येत नाही: बॅकवॉश, मग लिटरभर पाण्यात टोपणभर बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी फिल्टरमधून फिरवायचं, आणि पूर्ण सुकवून ठेवायचं.

तिसरं कारण मलावीत नाही, मायदेशात घडतं. स्कॉटलंड किंवा कॅनडाच्या हिवाळ्यात ओला फिल्टर गॅरेजमध्ये राहिला आणि गोठला, तर तंतू फुटतात. बाहेरून काही दिसत नाही, धारही छान येते, आणि घरी तपासायचा उपाय नाही. असा फिल्टर फेकावाच. इथे काटकसर करू नये. वापरलेला फिल्टर विमानप्रवासात न्यायचा असेल तर तो गोठू नये म्हणून हातातल्या बॅगेत घ्यावा.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. हेपॅटायटिस ए आणि रोटासारखे विषाणू ०.१ मायक्रॉनहून लहान, ते सरळ निघून जातात. म्हणून गाळलेल्या पाण्यात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबावं, किंवा पाणी खळखळून उकळावं. हेपॅटायटिस एच्या लशीचे दोन डोस किमान सहा महिन्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे पहिला डोस रजेच्या सुरुवातीलाच घ्यावा. बोअरवेलचा खारटपणा किंवा फ्लोराइडही हा फिल्टर काढत नाही. आणि मलावी सरोवरातला शिस्टोसोमा हा परजीवी तर कातडीतून शिरतो. पिण्याचं पाणी कितीही गाळा, सरोवरात डुंबण्याचा धोका तसाच राहतो.

याच कंपनीचा ‘मिनी’ स्वस्त पडतो, पण धार बारीक आणि तुंबतो लवकर. खेडोपाडीच्या दौऱ्यात पिशवीत ठेवायला तो ठीक, घरासाठी नको. घरासाठी बादलीचाच संच घ्यावा, आणि त्यासोबत जादा वॉशर व दोन जादा सिरिंज. सिरिंजचा रबरी दट्ट्या उन्हाळ्यात चिकटतो, आणि ती गेली की चांगला फिल्टरही महिन्याभरात बंद पडतो.