सिंकथिंग: मधे कुणी नको असेल तर

फोनमधले फोटो आणि लॅपटॉपवरच्या नोंदी सारख्या ठेवायला मी सिंकथिंग हे सॉफ्टवेअर वापरते, आणि ते मला मनापासून आवडतं. फाइली साठवणारा कुणाचा सर्व्हर मधे नाही, खातं उघडायचं नाही. दोन्ही यंत्रांना एकमेकांचा डिव्हाइस आयडी (प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख-क्रमांक) द्यायचा, फोल्डर निवडायचं, झालं. मोठ्या फाइलचेही फक्त बदललेले तुकडे जातात, तेही टीएलएसने (इंटरनेटवरचा मजकूर सुरक्षित ठेवणारी पद्धत) एन्क्रिप्ट होऊन. थेट जोडणी जमली नाही तर रिले, म्हणजे डेटा फक्त पुढे पोहोचवणारा मधला सर्व्हर, मदतीला येतो, पण त्याला आतलं काही वाचता येत नाही.

नव्या माणसाला मी एक गोष्ट आधीच बजावते: हा बॅकअप नव्हे! एकीकडे फाइल पुसली की दुसरीकडूनही पुसली जाते. म्हणून माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर (तेही सिंकथिंगला जोडलेलं एक यंत्रच) मी ‘स्टॅगर्ड’ व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रती जपून ठेवण्याची सोय, चालू ठेवलंय. पण नीट वाचा, हे व्हर्जनिंग फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होतं. त्याच यंत्रावर तुम्ही स्वतः पुसलेली फाइल त्यात सापडणार नाही. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बॅकअप वेगळा घ्याच.

एकच फाइल दोन्हीकडे बदलली तर ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाची प्रत तयार होते. निवड हाताने करावी लागते, आणि ते मला योग्यच वाटतं.

अँड्रॉइडचं अधिकृत अ‍ॅप डिसेंबर 2024 मध्ये थांबवलं गेलं, याचं वाईट वाटलं. कोड खुला असल्यामुळेच त्याच कोडवरून इतरांनी बनवलेलं ‘सिंकथिंग-फोर्क’ उपलब्ध आहे. मी तेच वापरते. फोटोंच्या फोल्डरला फोनवर ‘सेंड ओन्ली’ (फक्त पाठवा) ठेवा, म्हणजे लॅपटॉपवरची आवराआवर फोनपर्यंत पोहोचत नाही.