कूर्व्हर कोचिंग: पाय तयार होतात, नजर वेगळी तयार करावी लागते

कूर्व्हर कोचिंगच्या मुलांसाठीच्या फुटबॉल वर्गांवर चार्ली कुकच्या खेळाचा ठसा अजून दिसतो. स्कॉटलंडचा हा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक) ड्रिब्लिंगसाठी, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पळण्यासाठी, नावाजलेला. 1970 च्या एफए कप या इंग्लिश स्पर्धेच्या फायनलच्या रीप्लेत (पुन्हा खेळवलेल्या सामन्यात) चेल्सीच्या पीटर ऑसगुडने लीड्सविरुद्ध सूर मारून हेडरने गोल केला, तो कुकच्याच पासवर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत खेळायला गेला आणि 1984 मध्ये आल्फ्रेड गॅलस्टियनसोबत त्याने ही प्रशिक्षणसेवा उभी केली. मूळ विचार डच प्रशिक्षक विल कूर्व्हर यांचा: मोठ्या खेळाडूंचे चकवे सुटे करून कुठल्याही मुलाला शिकवता येतात.

अभ्यासक्रम पिरॅमिडसारखा रचलेला आहे. तळाला बॉल मास्टरी (चेंडूवर ताबा), मग पास घेणं-देणं, एकास एक चकवे, वेग, फिनिशिंग (गोल मारणं) आणि शेवटी गटाने आक्रमण. पैसे वसूल होतात ते तळाच्या थरात. प्रत्येक मुलाच्या पायाशी स्वतःचा चेंडू असतो, रांगेत ताटकळणं नाही, आणि डावा-उजवा पाय सारखाच वापरावा लागतो. 7 ते 12 वयात याचा फरक लवकर दिसतो. चेंडू मात्र मापाचा हवा: आठ वर्षांखाली 3 नंबर, त्यापुढे बारापर्यंत 4 नंबर.

सिझर्स हा चकवा पाहा. उजवा पाय चेंडूच्या पुढून, आतून बाहेर फिरवायचा, खांदा उजवीकडे झुकवायचा आणि डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू डावीकडे काढायचा. मुलं चुकतात ती बहुतेक तीन ठिकाणी. गुडघे ताठ राहतात, म्हणून वजन झटकन दुसऱ्या पायावर जात नाही. चकवा बचावपटूच्या अगदी अंगावर जाऊन करतात. दीड-दोन मीटर आधी करायला हवा. आणि चकवल्यावर वेग वाढवत नाहीत, त्यामुळे हरलेला बचावपटू पुन्हा गाठतो.

पद्धतीची खरी कसोटी प्रशिक्षकावर आहे. शंकूंभोवतीच सराव चालला तर मुलाची मान खालीच राहते, आणि सामन्यात मोकळा सहकारी दिसत नाही. म्हणून चाचणी वर्गाला गेलात तर घड्याळ लावा: पहिल्या वीस मिनिटांत समोर खराखुरा बचावपटू आला पाहिजे, आणि शेवटचा तिसरा भाग छोट्या सामन्याचा हवा. तसं नसेल तर दुसरी शाखा शोधा. बचाव आणि गोलकीपिंगला पिरॅमिडमध्ये वेगळा थर नाही. गोलकीपर मुलाला इथे घालू नका.