रजेच्या अर्जांसाठी घेतलेली मोबाईल प्रणाली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना असून तेथील हजेरी, पगार आणि रजेचे काम माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर आम्ही रजेच्या अर्जांसाठी मोबाईलवर चालणारी एक प्रणाली घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक त्रुटी खरेदीपूर्वी पाहिलेल्या इतर प्रणालींमध्येही होत्या. सणासुदीच्या किंवा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतील किरकोळ रजांसाठी ती उत्तम चालते, आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. आजारपण, बाळंतपण आणि घरच्या माणसाचे दुखणे यांसाठी मागितलेल्या रजेत मात्र तिचा कस लागला.

पूर्वी कामगार रजेचे जॉबरच्या, म्हणजे खात्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालून जात असे. जॉबर विसरला किंवा त्याची पाळी बदलली की त्या माणसाच्या नावावर खाडे लागत आणि पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसच्या (हजेरी-पगाराच्या कचेरीच्या) खिडकीपाशी वाद होत असे. आता अर्ज कधी आला, कोणी पाहिला आणि काय ठरले, याची नोंद दोन्ही बाजूंना दिसते. तरीही हे श्रेय एकट्या प्रणालीचे नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निर्णय द्यायचा आणि नकार असेल तर कारण लिहायचे, हा नियम व्यवस्थापनाने स्वतः घातला. तो नसता तर अर्ज वहीऐवजी मोबाईलमध्ये पडून राहिले असते.

पहिली अडचण मुदतीची आली. हक्काच्या रजेसाठी १५ दिवस आधी अर्ज हवा, अशी अट प्रणालीत घालूनच दिलेली होती. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये ती मुदत होती हे खरे. परंतु कामगाराला शिल्लक रजा आजारपणासाठी वापरायची असेल तर अर्ज वेळेत आला नाही तरी ती द्यावी, असेही त्याच कलमात होते. प्रणाली बनवणाऱ्याने अट उचलली आणि अपवाद सोडला, त्यामुळे रात्री ताप भरलेल्या माणसाचा सकाळचा अर्ज आपोआप फेटाळला जात असे. तक्रारीनंतर आजारपणापुरती ही अट निघाली.

बाळंतपणाच्या रजेतील चूक अधिक गंभीर होती. पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची रजा प्रणालीला ठाऊक होती, पण पात्रतेसाठी ती सर्वच स्त्रियांना मागील १२ महिन्यांत ८० दिवस काम ही एकच कसोटी लावत असे. आमच्याकडे शिलाई आणि घडी विभागातील बहुतेक स्त्रियांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या आत असल्याने त्या कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) येतात. त्यांचा प्रसूतीचा लाभ कारखाना नव्हे, तर त्या योजनेचे महामंडळ देते, आणि तेथे आधीच्या दोन अंशदान कालखंडांत, म्हणजे विम्याचा हप्ता भरण्याच्या सहामाहींत, किमान ७० दिवसांचे अंशदान पाहिले जाते. नियमाने पात्र असलेल्या एका बाईंना पडद्यावर ‘अपात्र’ असा शब्द दिसला आणि त्या राजीनाम्याची भाषा बोलू लागल्या. तेव्हापासून प्रसूतीच्या अर्जावरचा आपोआप निकाल आम्ही बंद केला असून असा प्रत्येक अर्ज मी कागदपत्रांसह स्वतः पाहते. कामगारांच्या स्वतःच्या आजारपणातही विमा योजनेचा तपशील हाताने भरावा लागतो. विम्याच्या दवाखान्याचे प्रमाणपत्र असले तरी नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस रोख लाभाविना जातात आणि त्यानंतर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. ते दोन दिवस आम्ही हक्काच्या रजेतून भरतो, आणि ही सोय करणारा रकाना प्रणालीत अजून नाही.

सर्वांत जास्त फरक घरच्या आजारपणाच्या रजेने पडला. विमा योजनेत कुटुंबीयांवर उपचार होतात, पण त्यांच्या उशाशी बसलेल्या कामगाराच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यात नाही, आणि खासगी कारखान्यांसाठी अशी सर्वसाधारण वेगळी रजा कायद्यातही नाही. आईला डायलिसिसला नेणारा मुलगा म्हणूनच स्वतःच्या पोटदुखीचे कारण सांगत असे आणि आम्हीही ते ऐकून घेत असू. आता वर्षातून काही भरपगारी दिवस, त्यापुढे जागा राखून बिनपगारी रजा, असा प्रकार आम्ही प्रणालीत वेगळा जोडून घेतला आहे. पुरवठादाराने त्यासाठी बरेच फोन करायला लावले; मात्र हा प्रकार सुरू झाल्यावर खोट्या कारणांचे अर्ज उघडपणे घटले आणि रजा किती दिवसांची लागेल हे आधी कळू लागल्याने मागावर बदली कामगार नेमणे सोपे झाले. बदलीची यादी ठेवण्याची सोय मात्र प्रणालीत नसल्याने ती अजून वहीतच आहे.

गुप्ततेच्या बाबतीत मूळ रचना मला मुळीच पटली नाही. प्रमाणपत्राचे छायाचित्र थेट जॉबरच्या मोबाईलवर जात असे आणि कोणाला कसला आजार आहे, हे दुपारच्या चहापर्यंत खात्याभर झालेले असे. जॉबरला माणूस किती दिवस येणार नाही एवढेच कळायला हवे, रोगाचे नाव नव्हे. आता त्याला तारखा आणि ‘मान्य’ एवढाच शेरा दिसतो. कागद फक्त माझ्याकडे येतो. पगाराशी जोडणी करतानाही अशीच दक्षता घ्यावी लागली, कारण प्रणाली मान्य केलेली वैद्यकीय रजासुद्धा खाड्यात मोजून हजेरी बक्षीस कापत होती. कामावर परत येणाऱ्याच्या फिटनेस सर्टिफिकेटवर ‘हलके काम’ असा शेरा असेल तर तो नोंदवता येतो. त्या आधारे माणसाला काही आठवडे मागाऐवजी तपासणीच्या टेबलावर बसवता येते, आणि ही सोय खरोखर उपयोगी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वार्षिक भरपगारी रजेसाठीची २४० दिवस कामाची अट १८० दिवसांवर आली. प्रणालीतील हा आकडा आम्ही विचारल्यानंतरच बदलला गेला. वर्गणी घेणाऱ्या पुरवठादाराने असा बदल स्वतःहून करावा, अशी माझी अपेक्षा होती. मराठी मजकूर बरा आहे, परंतु आमच्या अनेक कामगारांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असून ते मराठी बोलत असले तरी सर्वांना ती सहज वाचता येत नाही, त्यामुळे काहींचे अर्ज टाइम ऑफिसमध्येच भरून द्यावे लागतात. पुढील वर्षाच्या नूतनीकरणापूर्वी तेलुगू व कन्नड पर्याय, बदली कामगारांची यादी आणि विमा योजनेतील स्त्रियांसाठी स्वतंत्र पात्रता-नियम, या तिन्ही गोष्टी केव्हापर्यंत होतील हे पुरवठादाराकडून लेखी मागवले आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत वर्गणीचा धनादेश काढू नये, अशी टिपणी मी व्यवस्थापनाकडे दिली आहे.