१६ एपिसोडचं प्रेम आणि ११ एपिसोडचं प्रेम

कोरियन लव्हस्टोरी भारी की जपानी, हा विषय आमच्या सांगलीत, विश्रामबागेतल्या भिशीत निघतोच निघतो आणि दरवेळी कोरियन जिंकते, कारण जपानी कुणी बघितलेलीच नसते. मी दोन्हीकडच्या बघते आणि मला हे बरोबर वाटत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हिरो किती देखणा, एका छत्रीखाली दोघं किती वेळ उभी राहिली, पहिला बर्फ कधी पडला, हे सगळं बघायला गोड वाटतंच, मलाही वाटतं. पण घरातलं काम कोण करतंय न् कुणाचं ताट कुठं वाढलंय हे जी मालिका दाखवते तिच्यातलं प्रेम मला खरं वाटतं.

'क्वीन ऑफ टिअर्स' घ्या, २०२४ ची, किम सू-ह्युन आणि किम जी-वॉन नवराबायको. सुरुवातीलाच त्या अब्जाधीश घरात पूर्वजांच्या विधीचा स्वयंपाक चाललेला असतो आणि करतंय कोण, तर घरचे जावई! शिकलेसवरलेले, मोठ्या पगाराचे पुरुष एप्रन बांधून तळण तळतायत, आणि ज्यांचे पूर्वज ते लोक बाजूला. आपल्याकडं पितृपक्षात सुना जे करतात तेच सगळं जावयांच्या गळ्यात टाकून दाखवलंय. सासूबाई तो सीन बघताना सरसावून बसल्या न् म्हणाल्या, "अगं, परत लाव ते." परत लावला. पुढं त्या नवराबायकोचं मूल जातं आणि त्या दुःखाबद्दल दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, वेगळ्या खोल्यांत झोपायला लागतात, हे इतकं बारकाईनं दाखवलंय की मला ते दोन-तीन दिवस डोक्यातनं जाईना.

आणि मग शेवटाकडं काय होतं? ऑपरेशननंतर बायकोची आठवण जाते, व्हिलन तिला पळवतो, गाडीचा अपघात, गोळीबार. का? भांडण दोघांचं होतं, ते दोघांनीच बोलून मिटवायचं होतं. कोरियन मालिकेचा हा कायमचा रोग आहे. साधारण १६ एपिसोड, एकेक तासाच्या वरचा, आठवड्याला दोन, आणि गोष्ट तर बाराव्या एपिसोडपर्यंत सांगून होते. मग उरलेले चार भरायला कुणीतरी परदेशी जाणार, कुणालातरी ट्यूमर, नाहीतर लहानपणीच्या अपघातात ह्याचेच वडील निघणार. बाराव्यानंतर मी मन घट्ट करूनच बघते.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' त्यातल्या त्यात शेवटपर्यंत तग धरते. तीही त्याच लेखिकेची, पार्क जी-उनची. दक्षिणेतली श्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून उत्तर कोरियात पडते, हे ऐकायला काहीतरीच वाटतं, पण त्या गावातल्या बायका, त्यांच्या चहाड्या, मधेच जाणारी लाइट, हे सगळं अस्सल वाटतं, कारण उत्तरेतनं पळून आलेल्या लोकांना विचारून ते लिहिलंय. तिला सुगंधी मेणबत्ती हवी असते तर तिला लपवून ठेवणारा तिकडचा फौजी कॅप्टन साधी आणतो, आणि नंतर ती बाजारात अंधारात हरवते तेव्हा तो गर्दीत एक मेणबत्ती उंच धरून उभा असतो, आणि ह्यावेळी ती सुगंधी असते. एवढंच. अख्ख्या मालिकेत मला तेवढा एक सीन मिळाला असता तरी चाललं असतं. त्यातल्याच हिरो-हिरोईननं, ह्युन बिन आणि सोन ये-जिन यांनी, २०२२ ला खरंच लग्न केलं तेव्हा आमच्या भिशीत सगळ्यांना घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता.

पण कोरियन मधली माझी सगळ्यात आवडती विचाराल तर 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स', २०२५ ची. जेजू बेटावरची गोष्ट, आए-सुनची आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी, ती लवकर जाते, पोरीला कविता लिहायच्यात न् शिकायचंय, आणि तिच्यावर जीव लावणारा ग्वान-शिक बाजारात बसणारा गरीब मुका-मुका पोरगा. ना कंपनी, ना हेलिकॉप्टर. लग्नानंतर सासरी पुरुषांची पंगत वेगळी न् बायका वेगळ्या बसलेल्या, आणि हा गडी जेवता जेवता सरळ पाठ फिरवून बायकोकडं तोंड करून बसतो. एक शब्द बोलत नाही. मोठी माणसं बघत राहतात. मी हे लिहितानाही गहिवरतेय, कारण ती अर्धी गिरकी घ्यायला आपल्याकडच्या किती पुरुषांना आयुष्य पुरत नाही. तरुणपणी आययू न् पार्क बो-गम, म्हातारपणी दुसरे कलाकार, पण माणूस बदललाय असं कुठं जाणवत नाही. नेटफ्लिक्सनं आठवड्याला चार एपिसोड असे सोडले होते ते फार बरं केलं, एका बैठकीत बघायची ही मालिकाच नाही.

आता जपानी. तिकडं टीव्हीचं वर्ष तीन-तीन महिन्यांत वाटलेलं असतं, मालिका आठवड्याला एकदा, पाऊण तासाची, दहा-अकरा एपिसोड झाले की तिमाही संपली न् मालिका संपली. त्यामुळं ट्यूमरला जागाच नसते! हे मी फार मोठं सुख मानते.

'निगेहाजी' म्हणून २०१६ ची आहे (पूर्ण नाव लांबलचक आहे, शोधताना 'वी मॅरिड अॅज अ जॉब' टाका). मिकुरी शिकलेली पण नोकरी गेलेली, हिरामासा एकटा राहणारा इंजिनिअर, तिला आधी घरकामाला ठेवतो न् मग दोघं ठरवून कागदावर लग्न करतात, तो मालक न् ती पगारी, कामाचे तास ठरलेले, पगार ठरलेला. मग हळूहळू प्रेम बसतं, आठवड्यातला मंगळवार मिठी मारायचा वार म्हणून ठरवतात, त्यात दोघं इतकी अवघडलेली असतात की बघताना आपणच श्वास धरतो. आणि मग तो रीतसर लग्नाची मागणी घालतो, आकडेमोड करून सांगतो की आता पगार द्यायला लागणार नाही तर एवढे पैसे वाचतील, आणि ती म्हणते की हे माझ्या प्रेमाचं शोषण आहे. प्रेम आहे म्हणून काम फुकट का? तिथनं पुढं ती दोघं घर चालवायचं कसं यावर बसून बोलतात, चुकतात, परत बोलतात. गोळीबार नाही, अपघात नाही. घरकामाच्या मोलावर इतकं प्रेमळ आणि इतकं स्पष्ट बोलणारी लव्हस्टोरी मी दुसरी बघितली नाही. ह्याही जोडीनं, युइ आरागाकी आणि गेन होशिनो, २०२१ ला लग्न केलं.

'सायलेंट' (२०२२) वेगळ्या जातीची. कॉलेजात मुलाची ऐकण्याची शक्ती जायला लागते, तो कारण न सांगता मुलीला सोडतो, आठ वर्षांनी स्टेशनवर समोर येतात. ती त्याच्यासाठी साइन लँग्वेज शिकते. लांबलांब सीन नुसते हातांचे न् चेहऱ्यांचे. सांगली ही नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं, इथल्या माणसाला पॉज कळतो, म्हणून ही मालिका आपल्याकडच्या लोकांना आवडेल असं मला खात्रीनं वाटतं. मुलीचा त्यावेळचा प्रियकर मिनातो, तो वाईट माणूस नाही, तो आपणहून बाजूला होतो तेव्हा कुणाच्या बाजूनं रडायचं कळत नाही. सासूबाईंना सबटायटल वाचायला त्रास होतो, बाकी जपानी मालिकांना मी मोठ्यानं वाचून दाखवते, हिला मात्र मधेच म्हणाल्या, "राहू दे, कळतंय मला."

'फर्स्ट लव्ह' (२०२२, ९ एपिसोड) होक्काइदोमधली, ती टॅक्सी चालवते, दिसायला अतिशय सुंदर, पण तिच्यातही आठवण जाणं आहेच. एकदा बघावी.

'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' बद्दल मात्र मी ठामपणे नाही म्हणते. एकाच जपानी कॉमिकवरनं जपाननं २००५ ला केली न् कोरियानं २००९ ला २५ एपिसोडची, दोन्ही गाजल्या. श्रीमंत पोरगा गरीब मुलीच्या मागं अख्खी शाळा लावतो, तिला छळायला लावतो, आणि नंतर तेच प्रेम ठरतं. आठवी-नववीच्या मुली हे बघतात हो. हिरोईन धीट आहे, उलटून मारते, मान्य, पण मनगट धरून ओढत नेणं हे प्रेम नाही आणि ते घरात मुलींना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

नवीन बघणाऱ्यांनी घरच्यांबरोबर बसायचं असेल तर 'क्रॅश लँडिंग'पासून सुरुवात करा, बऱ्याच कोरियन मालिकांना हिंदी डबिंग मिळतं, तरी जमेल तेवढं मूळ आवाजातच ऐका, डबिंगमध्ये सगळ्या हिरोईनी एकाच आवाजात रडतात. नवऱ्याबरोबर बघायची असेल तर 'निगेहाजी'. तो लग्नाच्या मागणीचा दहावा एपिसोड चुकवू देऊ नका त्यांना.